महाविद्यालयाच्या फाटकापर्यंतची वाट

(महाविद्यालयीन विद्यार्थ्यांच्या पालक मेळाव्यात एका निवृत्त प्राध्यापिकेने केलेल्या भाषणाचे हे शब्दांकन.)



या मेळाव्यासाठी आपण चिठ्ठ्यांवर लिहून दिलेले प्रश्न मी काल रात्री वाचले. गुणांविषयीचे आणि नोकरीविषयीचे प्रश्न त्यांत फारच थोडे आहेत. एका मातेने लिहिले आहे, "प्रात्यक्षिक सहाला संपते आणि शेवटची एसटी साडेसहाला सुटते. ती चुकली तर मुलीने काय करावे?" कोणी वसतिगृहाच्या रस्त्यावरील बंद दिव्यांविषयी लिहिले आहे, कोणी फाटकासमोरच्या टपरीविषयी. एका वडिलांनी मात्र एकच वाक्य लिहिले आहे : "एवढी काळजी करण्यापेक्षा शिक्षण थांबवून लग्न उरकलेले बरे नाही का?"

त्या सद्गृहस्थांवर मी रागावलेले नाही. त्या वाक्यामागे दुष्टपणा नाही, भीती आहे. परंतु त्या प्रश्नाचे उत्तर द्यायचे, तर मला माझी एक चूक आपल्यापुढे मांडली पाहिजे.

बऱ्याच वर्षांपूर्वी माझ्या वर्गात एक विद्यार्थिनी होती. अठरा किलोमीटरवरच्या खेड्यातून ती एसटीने येई. गणितात तिची गती अशी, की फळ्यावरचे उदाहरण माझ्याआधी तिचे सुटलेले असे. दुसऱ्या वर्षी तिची उपस्थिती घटू लागली. मी नियमाप्रमाणे हजेरीपटावर लाल शाईने खुणा केल्या आणि पुढे नाव कमी केले. परीक्षेचा अर्ज आला नाही, तेव्हा तिच्या मैत्रिणीकडून खरी गोष्ट कळली. बसस्थानकापासून आमच्या फाटकापर्यंत दोन मुले मोटारसायकलवरून तिचा पाठलाग करीत. सात महिने हे चालले होते. तिने ना घरी सांगितले, ना मला. अखेर भावाच्या कानावर गेले आणि घरच्यांनी त्याच आठवड्यात शिक्षण बंद केले. ती मैत्रिणीला म्हणाली होती, "घरी कळले तर कॉलेज सुटेल, म्हणून मी बोलले नाही."

हे वाक्य माझ्या मनातून आजही जात नाही. त्या मुलांना आम्ही कोणी हात लावला नाही. शिक्षा झाली ती तिला. आणि आपल्याला शिक्षा होणार आहे हे ती सात महिने आधीपासून जाणून होती, म्हणूनच गप्प होती.

आपल्या विदर्भातील हिंगणघाटची घटना आपण विसरलेला नाहीत. ३ फेब्रुवारी २०२० रोजी सकाळी एक तरुण प्राध्यापिका आपल्या महाविद्यालयाकडे निघाली असता भर रस्त्यात तिच्यावर पेट्रोल टाकून तिला पेटवण्यात आले. मृत्यूशी आठवडाभर झुंज देऊन १० फेब्रुवारीला तिने प्राण सोडला. दोन वर्षांनी, १० फेब्रुवारी २०२२ रोजी, न्यायालयाने आरोपीला जन्मठेप सुनावली. हा आरोपी कोणी अनोळखी परका नव्हता. तो तिच्याच गावचा होता आणि तिला आधीपासून त्रास देत होता. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचे अहवालही वर्षानुवर्षे हेच सांगतात, की बलात्काराच्या नोंदलेल्या दहापैकी नऊहून अधिक गुन्ह्यांत आरोपी पीडितेच्या ओळखीचा असतो. तेव्हा धोका बाहेरून येतो आणि दार लावले की तो टळतो, या समजुतीत राहू नका.

त्याच वर्धा जिल्ह्याच्या मातीत १९३६ च्या विजयादशमीला वंदनीय मावशी, लक्ष्मीबाई केळकर यांनी राष्ट्र सेविका समितीची स्थापना केली. समितीने तीन आदर्श डोळ्यांसमोर ठेवले : मातृत्वाचा आदर्श जिजामाता, कर्तृत्वाचा आदर्श अहल्याबाई होळकर आणि नेतृत्वाचा आदर्श राणी लक्ष्मीबाई. आपण ही नावे उत्सवात घेतो, प्रतिमांना हार घालतो. आज मी या तिघींना आपल्या प्रश्नाजवळ आणू इच्छिते.

प्रथम मातृत्व. जिजामातेने पुत्र घडवला, हे आपण अभिमानाने सांगतो. त्या पुत्राच्या मुद्रेचे जे आरंभीचे पत्र आज उपलब्ध आहे, ते १६४६ सालचे आहे आणि त्याचा विषय काय? रांझे गावच्या पाटलाने एका स्त्रीशी बदअंमल केला, म्हणून त्याचे हातपाय तोडण्यात आले. तो आपल्याच मुलखातला वतनदार होता. त्याचे घराणे, त्याचे वजन, काही काही पाहिले गेले नाही. आज शिक्षा देण्याचे काम न्यायालयाचे आहे. पण गुन्हेगार 'आपला' आहे म्हणून डोळेझाक करायची नाही, हा धडा मात्र घरातच द्यावा लागतो. मुलीने सातच्या आत घरात यावे, असा नियम आपण करतो. मुलगा सातनंतर कोणत्या नाक्यावर, कोणाबरोबर उभा असतो, हे आपण विचारतो का? पाठलाग करणारी ती दोन मुलेही कोणत्या तरी घरात जेवून येत होती. त्यांच्या मातेला कोणी विचारले नाही आणि तिनेही त्यांना विचारले नाही.

दुसरे कर्तृत्व. अहल्याबाईंच्या राज्यात डोंगरी वाटांवर प्रवासी लुटले जात. बंदोबस्ताचे कठोर उपाय तर त्यांनी केलेच. पण त्या वाटांवर राहणाऱ्या भिल्लांचा, जाणाऱ्या मालावर अल्पसा कर घेण्याचा परंपरागत हक्कही त्यांनी मान्य केला. 'भिलकवडी' म्हणतात ती हीच. त्या बदल्यात वाटेच्या सुरक्षिततेची जबाबदारी त्यांच्यावरच सोपवली. वाट ज्यांच्या डोळ्यांसमोर आहे, त्यांनाच तिचे रक्षक केले! आपल्या फाटकाबाहेरची वाट कोणाच्या डोळ्यांसमोर असते? चहावाल्याच्या, रिक्षाचालकाच्या, झेरॉक्सच्या दुकानदाराच्या, एसटीच्या वाहकाच्या. कोणती मोटारसायकल रोज विनाकारण घिरट्या घालते, हे त्यांना प्राचार्यांच्या आधी ठाऊक असते. आपण त्यांच्याशी कधी बोललो आहोत का? पालक आणि प्राध्यापकांनी मिळून या मंडळींना एकदा भेटावे, आपल्या मुलींची जबाबदारी त्यांच्यावर विश्वासाने टाकावी आणि पोलीस ठाण्याचा क्रमांक त्यांच्या दुकानात लावावा. शिक्षणसंस्थेपासून शंभर यार्डांच्या आत तंबाखूजन्य पदार्थ विकण्यास २००३ च्या कायद्याने बंदी आहे. त्याची अंमलबजावणी मागितली, तरी समोरचा निम्मा जमाव पांगेल.

तिसरे नेतृत्व. राणी लक्ष्मीबाईचे नाव घेऊन आपण मुलींना लाठी-काठी आणि नियुद्ध शिकवतो. ते शिकवलेच पाहिजे. परंतु झाशीच्या राणीच्या हाती तलवार होती, तशी आज कायद्याची माहितीही मुलीच्या हाती हवी. पाठलाग करणे हा २०१३ पासून स्वतंत्र गुन्हा आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत तो कलम ७८ खाली येतो आणि पहिल्याच गुन्ह्याला तीन वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१५ च्या विनियमांनुसार प्रत्येक महाविद्यालयात अंतर्गत तक्रार समिती असलीच पाहिजे. तिच्यात निम्म्याहून कमी स्त्रिया असून चालत नाही. तिच्याकडे तक्रार साधारणतः तीन महिन्यांच्या आत करावी लागते, आणि चौकशी नव्वद दिवसांत पुरी व्हावी लागते. हा तीन महिन्यांचा हिशेब लक्षात ठेवा. माझी विद्यार्थिनी सात महिने गप्प होती.

मुलांच्या पालकांनीही निर्धास्त राहू नये. रॅगिंगने कितीतरी गुणी मुले खचली आहेत. महाराष्ट्रात १९९९ पासून रॅगिंगविरोधी कायदा आहे. त्यात दोन वर्षांपर्यंत कारावास आणि संस्थेतून काढल्यावर पाच वर्षे अन्यत्र प्रवेशबंदीची तरतूद आहे. १८००-१८०-५५२२ हा राष्ट्रीय साहाय्य क्रमांक वसतिगृहात राहणाऱ्या प्रत्येक मुलाजवळ असू द्या. मुलगा आहे म्हणून त्याने सोसावे, ही मर्दुमकी नव्हे.

बंधू-भगिनींनो, कायदे आहेत, समित्या आहेत, पोलिसांचा ११२ हा क्रमांक आहे. पण या साऱ्या यंत्रणेचे दार ज्या किल्लीने उघडते, ती किल्ली आपल्या घरात आहे. मुलीने उच्चारलेला पहिला शब्द म्हणजे ती किल्ली. तो शब्द ती केव्हा उच्चारील? "सांगितले तर शिक्षण थांबणार नाही" अशी तिची खात्री पटेल तेव्हाच. म्हणून आज घरी गेल्यावर एकच करा. रात्री जेवताना, टीव्ही बंद करून, मुलीला स्पष्ट शब्दांत सांगा, "वाटेत कोणी त्रास दिला तर आम्हाला सांग. तुझे कॉलेज सुटणार नाही. आम्ही तुझ्याबरोबर येऊ." आणि मुलालाही सांगा, "तुझ्यामुळे दुसऱ्या कोणाच्या मुलीचे कॉलेज सुटले, तर पहिली तक्रार आम्ही करू."

ज्या सद्गृहस्थांनी लग्नाविषयी लिहिले, त्यांना माझे उत्तर एवढेच आहे : मुलीला वाटेवरून काढून घेऊ नका, वाटेवर आपण उभे राहू. पुढच्या सोमवारपासून सायंकाळी सहा ते सात या वेळेत आळीपाळीने पाच-पाच पालकांनी फाटक ते बसस्थानक या रस्त्यावर थांबावे, अशी सूचना मी मांडते. वही बाहेर टेबलावर ठेवली आहे. पहिले नाव माझे लिहिले आहे. गुडघे दुखतात, पण तासभर उभे राहण्याइतके बळ अजून आहे. एका मुलीचे नाव मी हजेरीपटावरून कमी केले होते; आता या वहीत नावे वाढलेली मला पाहायची आहेत.

भारत माता की जय!