मळसूत्री पाया आणि आडवा धक्का

लांकडांत मळसूत्री खिळा पिळून बसवावा, तसा लोखंडी खांब जमिनींत पिळून बसवितां येतो, ही युक्ति बेलफास्टचा अंध अभियंता अलेक्झांडर मिचेल यानें यशस्वी करून दाखविली. १८३३ सालीं त्यानें तिचें पेटंट घेतलें, आणि समुद्रकांठच्या मऊ भूमीवर अशा खांबांचीं दीपगृहें उभीं राहिलीं. खांबाच्या टोंकाशीं रुंद मळसूत्री पातें असतें. वरचें ओझें बव्हंशीं तेंच पेलतें. खांब वर ओढला, तरी तेंच त्याला धरून ठेवतें.

परंतु इमारतीवर केवळ वजनाचाच भार येतो असें नाहीं. वारा, लाटा व भूकंप तिला बाजूनें ढकलतात. पातें खोल आहे, तेव्हां खांब हलणार नाहीं, अशी सामान्य समजूत असते. ती येथें फसते. लांब व बारीक खांब आडव्या धक्क्यानें वरच्या भागांतच वांकतो, आणि खोलवरच्या पात्यापर्यंत तो धक्का फारसा पोंचतच नाहीं. तो सोसावा लागतो दांड्याला व त्याच्याभोंवतींच्या वरच्या मातीला.

ही वरची चिकणमातीच नेमकी दुबळी असते. दांडा रेटला कीं समोरची माती वर उचलली जाऊन निसटते. खोलवर तिला तशी वाट नसते. दांड्याला वळसा घालूनच तिला सरकावें लागतें, म्हणून तिचा विरोध पुष्कळ वाढतो. स्वीडिश अभियंते ब्रॉम्स यांनीं १९६४ सालीं मांडलेल्या हिशेबांत, दांड्याच्या व्यासाच्या दीडपट खोलीपर्यंतची माती चिकणमातीच्या बाबतींत जमेसच धरलेली नाहीं.

त्यांत आणखी दोन अडचणी आहेत. पातें फिरत खालीं जातांना माती घुसळली जाते व तिची शक्ति कांहीं काळ उणावते. शिवाय वाऱ्याचे झोत वारंवार बसूं लागले, कीं दांड्यालगत फट पडते. कोरडी वाळू अशी फट आपोआप बुजविते. चिकणमातींत ती तशीच राहते, तींत पाणी शिरतें, आणि पुढचा धक्का तेवढाच असूनही खांब अधिक झुकतो. महाराष्ट्रांतील काळी जमीन तर उन्हाळ्यांत सुकून स्वतःच भेगाळते.

यावर उपाय आहेत. वरच्या भागांत जाड नळी वापरावी, कांहीं खांब तिरपे बसवावे, त्यांचीं डोकीं काँक्रीटच्या तुळईनें एकत्र बांधावीं, आणि काम सुरू करण्यापूर्वी एखादा खांब आडवा रेटून तो किती सरकतो तें मोजावें. आज सूर्यप्रकाशापासून वीज करणाऱ्या तावदानांच्या रांगा अशा खांबांवर उभ्या राहतात. तावदानें वजनानें हलकीं असतात, पण वारा त्यांच्यावर मोठा जोर करतो. तेव्हां पाया किती खोल गेला, एवढेंच विचारून भागत नाहीं. वरची चार हात माती कशी आहे, हेंही विचारलें पाहिजे.