नाखवा, वीर आणि यात्री



युरी गागारिन १२ एप्रिल १९६१ रोजी पृथ्वीला एक फेरी मारून आला, तेव्हा रशियनांनी त्याला 'कॉस्मोनॉट' म्हटलं. अमेरिकेनं त्याच्या दोन वर्षं आधीच आपल्या सात वैमानिकांना 'ॲस्ट्रोनॉट' म्हणून मिरवलं होतं. काम एकच, नावं दोन. शीतयुद्धात शब्दांच्याही वाटण्या व्हायच्या. पण दोघांचं शेपूट सारखंच: ग्रीक 'नाउटेस', म्हणजे खलाशी. ॲस्ट्रोनॉट ताऱ्यांचा, कॉस्मोनॉट विश्वाचा.

या खलाशाची ग्रीक 'नाउस' आणि आपली संस्कृत 'नौ' या सख्ख्या बहिणी. फारसीतही तीच नाव आहे. नावेचा धनी तो 'नाखुदा', आणि आपल्या किनाऱ्यावर तोच झाला नाखवा. म्हणजे वेसाव्याच्या कोळीवाड्यातला नाखवा आणि चंद्रावर उतरलेला नील आर्मस्ट्राँग शब्दांच्या गोतावळ्यात भाऊबंद निघतात. वेसावकरांनी कॉलर ताठ करायला हरकत नाही!

मराठीनं मात्र नाव सोडली आणि वीर धरला: 'अंतराळवीर'. त्या काळी ते शोभलंही. अमेरिकेचे ते सातही जण लष्करी चाचणी-वैमानिक. ३ एप्रिल १९८४ ला सोयुझ यानातून गेलेले आपले राकेश शर्मा हवाई दलात स्क्वाड्रन लीडर. पण 'वीर' आपण फार सढळ हातानं वाटतो. दानवीरापासून वाचाळवीरापर्यंत सगळे त्यात आले. आणि २०२५ च्या जुलैत शुभांशु शुक्ला अंतराळ स्थानकात काय करत होते? बशीत मेथी आणि मूग रुजत घालून, आलेले मोड शीतपेटीत ठेवत होते. धारवाडच्या शास्त्रज्ञांचा प्रयोग होता तो. याला चिकाटी लागते, हात स्वच्छ लागतो. तलवारीचं तिथं काय काम?

'अंतराळ' हे पद मात्र अगदी नेमकं. अंतराळ म्हणजे मधली जागा. देवळात सभामंडप आणि गाभारा यांच्या मधल्या भागाला अंतराळच म्हणतात. मुलुंडहून लोकलनं अंबरनाथला जा. तिथल्या १०६० सालच्या शिलाहारकालीन शिवमंदिरात या अंतराळात उभं राहता येतं. गाभारा पुढे, पायऱ्या उतरून खाली. शुक्ला गेले ते स्थानक फिरतं सुमारे ४०० किलोमीटर उंचीवर. मुंबईहून कोल्हापूर जवळपास तेवढंच. सूर्य सोडला तर सर्वांत जवळचा तारा चार प्रकाशवर्षांहून लांब! तेव्हा 'ॲस्ट्रो' ही निव्वळ बढाई. त्यांच्या शब्दाचं पहिलं पद फुगलेलं, आपल्याचं दुसरं.

आता 'गगनयात्री' आला आहे. २७ फेब्रुवारी २०२४ ला गगनयान मोहिमेच्या चौघांची नावं जाहीर झाली, तेव्हापासून तो रुळतो आहे. हिंदीत यात्री म्हणजे साधा प्रवासी. घाटकोपरच्या फलाटावर 'यात्री' म्हणणारी हिंदी घोषणा रोज कानी पडते. मराठीत यात्रा असते ती जोतिबाची. 'यात्री' म्हटलं की आपल्याला यात्रेकरू दिसतो, गुलालासकट. मला विचाराल तर अंतराळ ठेवावं आणि पुढे सरळ 'प्रवासी' लावावं. स्त्रीलाही चालतं, पुरुषालाही. मथळ्यात एक अक्षर वाढतं, ही उपसंपादकांची अडचण मला मान्य आहे.