मागावर हात ठेवण्याआधी

१८ मे २०२५च्या पहाटे सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत एका टॉवेल कारखान्याला आग लागली आणि आठ जण गेले. त्यांत कारखान्याचे मालकही होते. सूत आणि टॉवेल झपाट्याने पेटतात, धूर तर त्याहून लवकर कोंडतो.

कामगारांना सुटकेच्या वाटा माहीत हव्यात, आग लागल्यावर काय करायचं याचं प्रशिक्षण हवं, हे १९४८च्या कारखाने अधिनियमाच्या ३८व्या कलमातच लिहिलं होतं. पण नवा माणूस आला की आपल्याकडे थेट मागावर उभा करतात!

पहिल्या दिवशी त्याला बाहेर पडायच्या दोन्ही वाटा चालवून दाखवा. मुख्य स्विच बंद करायला लावा. चालू मागात हात घालायचा नाही, धोटा उडू शकतो, हे मागाशेजारी उभं राहूनच सांगा. खडखडाटात कानाला बोळे, धुळीत तोंडाला मास्क. आणि हो, सोलापूरच्या तेलुगूभाषक पूर्व भागात हे सगळं तेलुगूतून सांगा. मराठी कागदावर नुसती सही घेऊन काय उपयोग? गठ्ठे दारात रचलेले दिसले, तर ते हटवायला सांगायचा हक्क नव्या कामगारालाही आहे.