झाकली मूठ कोणाच्या लाभाची?

(खडकवासला येथे भरलेल्या ज्ञातिसंघाच्या वार्षिक मेळाव्यात दिलेले भाषण)



उभा जन्म खडू हाती धरलेल्या मजसारख्या मॅट्रिक झालेल्या शिक्षकाकडून आपण विद्वत्तेची अपेक्षा करणार नाही. या मेळाव्यात आपण गुणवंतांचा सत्कार करतो, वधूवरांच्या याद्या वाचतो. आजचा माझा विषय कोणत्याच यादीत येत नाही. परंतु आपल्या कित्येक घरांच्या माजघरात तो मुक्कामास आहे. नवऱ्याच्या दारूपायी पत्नीचे आणि घराचे काय होते, हा तो विषय.

प्रारंभी माझाच कबुलीजबाब देतो. माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे, स्थळ ठरताना मुलाच्या 'सवयी'ची कुणकुण आमच्या कानी आली होती. "लग्न झाले की मार्गी लागेल," असे म्हणून थोरांनी तो विषय मिटविला. पुढे मेहुणे कामावर जाण्याच्या स्थितीत नसत, तेव्हा अक्का मजकडे येई आणि मी 'ताप आला आहे' असा रजेचा अर्ज लिहून देई. माझे अक्षर वळणदार, म्हणून ते काम माझ्याकडे! वर्गात सत्याचे धडे देणारा मी घरी वर्षानुवर्षे खोटे लिहीत होतो. बहिणीची अब्रू राखतो आहोत, असे मला वाटे. वस्तुतः मी तिच्या संकटाचे आयुष्य वाढवीत होतो.

अखेर नोकरी गेलीच. परंतु त्याआधीच बरेच काही गेले होते. जिन्यावरच्या पावलांवरून रात्र कशी जाणार, हे अक्का ओळखू लागली. तिने हळदीकुंकवाला जाणे सोडले, कारण परत बोलवावे लागे. भाचा दहाव्या वर्षीच प्रौढ झाला. मित्राला तो कधी घरी आणीत नसे. पिणारा एक होता, पण आजारी सारे घर होते.

राम गणेश गडकऱ्यांचे 'एकच प्याला' १९१९ साली रंगभूमीवर आले. त्यातील सिंधू मरणाच्या दारातही पतीला वाचविण्यासाठी खोटे बोलते. शंभर वर्षे आपण तिच्यासाठी डोळे पुसले आणि घरी येऊन आपल्या लेकीसुनांना तिचाच कित्ता गिरवावयास सांगितले. सिंधूची निष्ठा थोर खरी. परंतु तिला एकटीला सोसू देणाऱ्या भोवतालच्या समाजाचे काय?

अमेरिकेत १९३५ साली मद्यपीडितांनी परस्परांच्या आधारासाठी 'अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस' ही संघटना उभारली. त्यांच्या पत्नींना लवकरच उमगले, की आपणांसही आधार हवा. त्यांतून १९५१ साली 'अल-अनॉन' ही कुटुंबीयांची निराळी संघटना निघाली. तिची शिकवण साधी आहे: त्याची दारू तुमच्यामुळे लागली नाही, ती तुमच्या ताब्यात नाही आणि ती बरी करणे तुमच्या हाती नाही, स्वतःचे आयुष्य सावरणे मात्र तुमच्या हाती आहे. आपल्या पुण्यातही १९८६ साली डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी 'मुक्तांगण' सुरू केले. त्या कामास पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांचा भरघोस आधार मिळाला. तेथे व्यसनींच्या पत्नींसाठी 'सहचरी' हा गट चालतो.

दारूचे व्यसन हा आजार आहे, हे वैद्यकाने मान्य केले आहे. फार पिणाऱ्याने एकाएकी बंद केल्यास झटके येऊन प्राणावर बेतू शकते. म्हणून शपथा घालण्यापेक्षा डॉक्टर गाठावा. मात्र आजार म्हणजे मारहाणीचा परवाना नव्हे. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याने स्त्रीला संरक्षण मागण्याचा आणि राहत्या घरात राहण्याचा हक्क दिला आहे.

बंधुभगिनींनो, १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले आणि त्या लोंढ्याने आपले खडकवासल्याचेही धरण फोडले. पानशेतची भिंत आधीच खचू लागली होती. जवानांनी वाळूची पोती रचून ती रात्रभर सावरून धरली. पण खाली पुण्यातील घराघरांत लोक बेसावध होते. खचणारी भिंत एका बाईने पदराआड धरून ठेवावी आणि आपण शेजारी असून बेसावध राहावे, हे आता पुरे झाले.

म्हणून संघापुढे तीन मागण्या ठेवतो. वधूवरसूचीत 'निर्व्यसनी' हा शब्द चौकशीवाचून छापू नये. मदतकेंद्रांचे पत्ते या स्मरणिकेत दरवर्षी द्यावेत. आणि माहेरी परतलेल्या लेकीला "नांदायला जा" म्हणण्याआधी तिचे बोलणे ऐकून घ्यावे.

मेहुणे आज हयात नाहीत. हे सारे मी अक्काच्या अनुमतीने बोललो. अनुमती देताना ती एवढेच म्हणाली, "तू अर्ज पुष्कळ लिहिलेस रे, पण 'अक्का, तू कशी आहेस?' हे एकदाही विचारले नाहीस."

झाकली मूठ सव्वा लाखाची, असे आपण म्हणतो. त्या मुठीत कोणाचा तरी हात चिरडत असेल, तर ती उघडावी. आज घरी परतताना ज्या दारावरून आपण नेहमी मान खाली घालून जातो, तेथे क्षणभर थांबून माझ्या हातून राहिलेला तो प्रश्न आपण विचारावा, एवढी विनंती करून मी आपली रजा घेतो.