साभार परत



डहाणू-तलासरीच्या कवींच्या या मेळाव्याचा अध्यक्ष म्हणून आजच्या मराठी कवितेचा आढावा मी घ्यावा, अशी संयोजकांची इच्छा आहे. पण बरीच वर्षे मनात साचलेले एक बोलायचे आहे. ते आधी बोलतो.

आपल्या नवोदित कवींना आज कोणी नकार देत नाही, ही माझी तक्रार आहे.

पूर्वी मासिकाला पाठवलेल्या कवितेसोबत स्वतःचा पत्ता लिहिलेले, तिकीट लावलेले पाकीट जोडावे लागे. ‘साभार परत’ म्हणून ते घरी आले की जेवण गोड लागत नसे. पण आपली कविता कोणीतरी वाचली, एवढे तरी कळे. ‘सत्यकथा’ मासिकाचे संपादक राम पटवर्धन नवख्या लेखकांनाही सविस्तर पत्रे लिहीत. १९६९ साली लघुअनियतकालिकांच्या तरुणांनी त्याच ‘सत्यकथे’ची होळी केली. त्यांचा संताप मला समजतो; पण त्यांना भांडायला समोर संपादक तरी होता. गंगाधर पानतावणे यांनी ‘अस्मितादर्श’ या नियतकालिकातून दलित लेखकांची पिढी उभी केली, तीही एकेकाचे लेखन वाचून, निवडून. ‘सत्यकथा’ १९८२ साली बंद पडली. कविता वाचून उत्तर देणारी माणसेही पुढे कमी होत गेली.

आता मोबाइलवर निरोप येतो : प्रातिनिधिक संग्रहासाठी आपली निवड झाली आहे, शुल्क भरा, प्रत आणि सन्मानपत्र घरपोच मिळेल. कविता तर अजून पाठवलेलीही नसते! आश्रमशाळेत शिकलेल्या माझ्या एका विद्यार्थ्याने घोलवडकडच्या चिकूच्या वाडीत तोडणी करून मिळवलेली मजुरी अशा एका संग्रहासाठी भरली. पुस्तक आले. त्याच्या कवितेतले शेवटचे कडवे गळले होते आणि नाव चुकीचे छापले होते. छापणाऱ्याने कविता वाचलीच नव्हती, मग चूक दिसणार कोणाला? त्या मुलाने पुढे लिहिले नाही. त्याची मजुरी घेणाऱ्यांना मी क्षमा करू शकत नाही.

उत्तर देणारा संपादक अजूनही क्वचित भेटतो; त्याचेही एक उदाहरण सांगतो. सकाळच्या परिसंवादात वाद रंगला : वारलीत लिहावे की प्रमाण मराठीत? दोन्ही बाजू तावातावाने बोलल्या. मी एवढेच सांगतो. तलासरीकडच्या माझ्या एका विद्यार्थिनीने वीटभट्टीवर गेलेल्या आईवर वारलीत कविता लिहिली आणि एका मासिकाला पाठवली. ती परत आली, सोबत संपादकांचे पत्र : बोली अजिबात बदलू नका, फक्त शेवटची दोन कडवी काढा, त्यांत तुम्ही कविता समजावून सांगू लागला आहात. तिने ती काढली आणि कविता छापून आली. तिची बोली कुठेही आड आली नाही. माझ्यापुरता तो वाद तिथेच मिटला.

याच भागातल्या वारल्यांच्या उठावावर गोदावरी परुळेकरांनी ‘जेव्हा माणूस जागा होतो’ लिहिले आणि त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. गंजाडच्या जिव्या सोमा म्हशे यांची चित्रे जगभर गेली, २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. १९९० साली इथून जवळच, पालघरला, आदिवासी साहित्य संमेलन भरले. भिलीत आणि मराठीत लिहिणारे वाहरू सोनवणे त्याचे अध्यक्ष होते. असा हा मुलूख. इथल्या मुलांनी सन्मानपत्रासाठी मजुरी मोजावी, याची मला चीड येते.

आढावा आता राहिलाच. वेळही संपत आला आहे. आपण एक वाचकमंडळ नेमावे, अशी माझी सूचना आहे. डहाणू, तलासरी, कासा, उधवा इथल्या शिक्षकांनी आणि जाणत्या वाचकांनी मुलांच्या कविता वाचाव्यात, त्यावर लेखी अभिप्राय द्यावा, आणि चांगली कविता योग्य त्या नियतकालिकाकडे पाठवायला मदत करावी. किती जण, कसे, याचा तपशील कार्यकारिणीने बसून ठरवावा. माझ्या घराचे दार त्यासाठी उघडे आहे.

संपादकांना माझी विनंती आहे : कविता नको असेल तर तसे कळवा, जमल्यास का नको तेही दोन ओळींत लिहा. आणि तरुण मित्रांनो, कविता पाठवण्याआधी ते नियतकालिक विकत घेऊन किंवा ग्रंथालयात बसून वाचा. पाठवलेल्या कवितेची प्रत स्वतःजवळ ठेवा. परत आली तर पुन्हा वाचा, पुन्हा लिहा, दुसरीकडे पाठवा. पण छापण्यासाठी जो पैसे मागेल, त्याला आपली कविता देऊ नका.