पावसाळ्याआधी होडी काठावर घेताना



पुण्यात भिडे पूल पाण्याखाली गेला, की शहरातली माणसं पूर बघायला जमतात. इंदापूर-दौंडकडच्या माणसानं मात्र त्याच वेळी आपली होडी कुठं उभी आहे ते आठवावं. खडकवासल्यातून सोडलेलं पाणी मुठेतून मुळा-मुठेत, तिथून भीमेत आणि दौंडवरून उजनीत येतं. आपल्या शिवारात थेंबही पडलेला नसतो, तरी जलाशय चढू लागतो.

२०२४ साल आठवा. उन्हाळ्यात उजनीचं पाणी मृत साठ्याच्याही बरंच खाली गेलं होतं. २१ मे रोजी वादळी वाऱ्यात कुगाव ते कळाशी जाणारी प्रवासी बोट उलटली आणि सहा माणसं बुडाली. २५ जुलैला पुण्यात सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत पाणी शिरलं. ऑगस्टमध्ये तेच उजनी धरण काठोकाठ भरलं. म्हणजे आधी वारा आणि मागून पाणी, अशा दोन्हींपासून होडी सांभाळायची आहे. कोकणात होड्या वर ओढून झापांनी शाकारतात आणि नारळी पौर्णिमेच्या सुमारास पुन्हा पाण्यात लोटतात. आपणही मृगाची वाट पाहू नये. मे महिन्यात चार पैसे जास्त मिळतात हे खरं, पण जी होडी रोज लागत नाही ती वळवाआधीच वर घ्यावी.

आता जागा. उन्हाळ्यातल्या पाण्याच्या कडेला होडी ठेवणं म्हणजे ती पाण्यातच ठेवणं. उजनीची पूर्ण पातळी ४९६.८३ मीटर आहे आणि मृत साठ्याची ४९१.०३ मीटर. उभं अंतर सहा मीटरांच्या आतलं, पण काठ इतका पसरट की पाणी शेकडो पावलं मागं हटतं आणि तितकंच पुढं येतं. गाळपेर करणाऱ्यांना हे सांगायला नको. मागच्या पुराचा काडीकचरा जिथं अडकला आहे ती रेषा शोधा आणि होडी तिच्याही वर न्या. नदीकाठची मोटार वर घ्यायच्या आधी होडी वर गेलेली असावी.

ओढण्याआधी होडी रिकामी करा. जाळी, वल्ही, इंजिन, बॅटरी, साचलेलं पाणी सगळं बाहेर काढा. नाळ पुढं ठेवून गोल ओंडक्यांवरून ढकलत न्या. ट्रॅक्टर लावायचा तर अगदी सावकाश, आणि ताणलेल्या दोराजवळ कुणालाही उभं राहू देऊ नका. दोर तुटला तर चाबकासारखा येतो.

छोटी होडी पालथी घालून दोन आडव्या ओंडक्यांवर हातभर उंच ठेवली आणि खुंट्यांना बांधली, की झालं. मोठीला मात्र खरी बैठक लागते, आणि चूक बहुधा इथंच होते. होडीचं ओझं तळाच्या कण्यानं पेलायचं असतं. बाजूचे टेकू तिला फक्त कलू देत नाहीत. टेकूंवर भार दिला तर फळ्या आत दबतात, फायबरला तडे जातात. कण्याखाली पुढं, मध्ये आणि मागं जाड लाकडी ठोकळे द्या. विटा नकोत, भिजल्या की भुगा होतात. आपली जमीन काळी, पाऊस पडला की लोण्यासारखी होते, म्हणून प्रत्येक ठोकळ्याखाली आणि टेकूखाली रुंद फळी हवीच. टेकू समोरासमोर जोडीनं लावा, पाचर मारा, आणि प्रत्येक जोडीचे खालचे बूड होडीखालून दोरानं एकमेकांना बांधा, म्हणजे ते बाहेर सरकत नाहीत.

पहारीनं उचलताना जितकी होडी वर येईल तितका ठोकळा लगेच आत सरकवा. नुसत्या पहारीवर तोललेल्या होडीखाली हातसुद्धा घालू नये. आणि पोरांना तिच्या सावलीत खेळू देऊ नका. तिथं सापही येऊन बसतो, हे वेगळंच.

नाळ वीतभर उंच ठेवा आणि मागचं बूच काढून खिशात नाही, तर घरात खुंटीला टांगा. वरून ताडपत्री घाला, पण दोन्ही टोकांना वारा खेळू द्या, नाहीतर लाकूड कुजतं. ताडपत्रीचा दोर टेकूंना कधीही बांधू नये. वावटळीत ताडपत्री फुगते, टेकू उपटते आणि होडी आडवी होते. तो दोर होडीलाच तळाखालून फिरवून बांधा. होडी स्वतंत्रपणे झाडाला किंवा खोल पुरलेल्या खुंट्याला अडकवा.

प्रत्येक मोठ्या पावसानंतर एक फेरी मारा. जमीन बसली की पाचरी ढिल्या पडतात, त्या ठोकून घ्या.

लाकडी होडी सुकल्यावर तिच्या सांधी उघडतात. पुन्हा लोटण्यापूर्वी त्यात सूत आणि राळ भरा, बूच घट्ट बसवा, आणि पहिले दोन दिवस होडी उथळ पाण्यात बांधून फुगू द्या. त्या दोन दिवसांत आत येणारं पाणी उपसत राहा आणि माणसं बसवू नका.