मत मागायला येणाऱ्याला हिशेब विचारा

आज आम्ही अमेरिकेतल्या ओहायो राज्यातल्या एका मतदारसंघाची गोष्ट सांगणार आहोत. टोलेडो हे तिथलं मोठं शहर. तिथं काच बनते, जीप गाड्या बनतात. शहराबाहेर मका-सोयाबीनची शेतं. कामगार आणि शेतकरी, दोघांचा प्रतिनिधी एकच.

१९८२ साली इथून मार्सी कॅप्टर निवडून आल्या, त्या आजवर. त्यांची आई स्पार्क प्लगच्या कारखान्यात कामगार संघटनेचं काम करायची. १९९३ मध्ये मेक्सिको आणि कॅनडाशी खुल्या व्यापाराचा करार आला. राष्ट्राध्यक्ष बाईंच्याच पक्षाचे, तरी कारखाने बाहेर जातील म्हणून त्यांनी विरोधात मत दिलं.

पुढे मतदारसंघाच्या सीमा बदलल्या, ग्रामीण भाग वाढला, लढत अवघड झाली. २०२४ मध्ये राष्ट्राध्यक्षपदासाठी तिथं जास्त मतं ट्रम्प यांना, म्हणजे विरोधी पक्षाला पडली. तरी बाई निवडून आल्या, अडीच हजारांहूनही कमी मतांनी. म्हणजे काही हजार लोकांनी दोन मतं दोन पक्षांना, आपापला विचार करून दिली.

मत कुणाला द्यायचं, ते तुमचं तुम्ही ठरवा. पण गटाच्या बैठकीत आधी प्रश्न ठरवा: एमआयडीसीत आमच्या मुलींना काम मिळेल का? कारखान्याचं पाणी ओढ्यात जातं, त्याचं काय? उमेदवार आला की विचारा आणि उत्तर वहीत तारखेनिशी लिहा. पुढच्या निवडणुकीला तीच वही त्याच्यासमोर उघडा.